दुसऱ्या पिशवीतली हवा

“पिशवी बिघडलेली होती, हे मी शपथेवर सांगेन,” समोरच्या खुर्चीतली बाई म्हणाली. “आणि तीच पिशवी आज ठणठणीत आहे, हेही शपथेवर सांगेन. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, तेवढं मला शोधून द्या.”

आत्याने चष्मा कपाळावर चढवला.

दादूने ते पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. प्रकरणात काही राम आहे असं वाटलं, तरच आत्याचा चष्मा वर जायचा. त्याने गळका नळ तसाच सोडला आणि दाराशी स्टूल ओढून बसला.

दादू हा आत्याचा भाचा. चाळिशी उलटलेला, ट्रक हाकून हाकून हात फावड्यासारखे झालेले. आत्या पूर्वी कारखान्यांतल्या अपघातांची चौकशी करायची. नोकरी संपली तशी ती खासगी कामं घेऊ लागली आणि दादू तिची गाडी चालवू लागला. आत्याचं डोकं कात्रीसारखं चाले. दादूचं जात्यासारखं, सावकाश, घरघर करत.

आलेली बाई नर्स होती. एका लहानशा प्रसूतिगृहातली थोरली सिस्टर. तिथे सगळे तिला ताईच म्हणत.

“पहिल्यापासून सांगा,” आत्या म्हणाली. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून चला. ते खरंही आहे.”

ताईने पदराने कपाळ टिपलं.

“बाळंतपण अवघड गेलं. बाळ आलं ते कापडाच्या चिंधीसारखं. रडेना, हलेना. इकडे आईला रक्तस्राव सुरू झाला, म्हणून डॉक्टरीणबाई तिच्यापाशी अडकल्या. बाळ माझ्या हातात. मी त्याला दिव्याखालच्या टेबलावर ठेवलं, टॉवेलने पुसलं, पाठ चोळली. श्वास नाही. मग पिशवी घेतली.”

“पिशवी म्हणजे?”

“मुठीत मावेल एवढा रबरी फुगा असतो. त्याला पुढे छोटा मास्क. मास्क बाळाच्या नाकातोंडावर घट्ट धरायचा आणि फुगा दाबायचा. हवा आत गेली की छाती वर उचलली जाते. छाती उचलली, तर सगळं आलं. ती उचलली नाही.”

“मग?”

“मास्क पुन्हा बसवला. तोंड साफ केलं. मान बघितली, ठीक होती. जोरात दाबलं. काही नाही. बाळ निळं पडत चाललं. मी ओरडले, दुसरी पिशवी आण! धाकटी सिस्टर धावत जाऊन घेऊन आली. ती लावली, आणि पहिल्याच दाबाला छाती वर आली.”

“बाळ आता कसं आहे?”

“मोठ्या हॉस्पिटलात आहे, आईजवळ. दूध ओढायला लागलंय. पण मेंदूला हवा कमी पडली होती. त्याचं काय ते पोर मोठं होताना कळेल, असं म्हणतात.”

दादूला राहवलं नाही. “मग सरळच आहे की! पहिली पिशवी खराब.”

“तेच मी सांगितलं, भाऊ. डॉक्टरीणबाईंनी ती लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासनीस आला. पिशवी नव्यासारखी चालली. आणि कपाटाची किल्ली असते माझ्या कमरेला. म्हणजे एक तर मी खोटं बोलते, नाहीतर रातोरात पिशवी नीट करून ठेवून मी अंग काढून घेतलं. उद्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा अहवाल जाईल. मग माझी नोंदणी जाईल. यापुढे कुठल्या नवजात बाळाला मला हात लावता येणार नाही.”

“नोंदणीचं बाजूला ठेवा,” आत्या म्हणाली. “तुम्हाला स्वतःला काय कळायला हवंय?”

ताईने आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“हे चुकले का, ते.”

“आणि उत्तर तुमच्या विरुद्ध आलं तर?”

“तरी द्या.”

मग आत्याने एक विचित्र प्रश्न विचारला.

“पहिली पिशवी दाबताना हाताला कशी लागत होती?”

“कशी म्हणजे... कडक. पुढे काहीतरी अडल्यासारखी. वरच्या बारीक झडपेतून नुसतं फुस्स फुस्स होत होतं.”

“आणि दुसरी?”

“मऊ. अलगद दबली.”

आत्याचा चष्मा कपाळावरच राहिला.

*

प्रसूतिगृह दुमजली होतं. खाली तपासणीची खोली, वर बाळंतिणींच्या खाटा आणि टोकाला प्रसूतीची खोली. फरशी पुसून पुसून गुळगुळीत झालेली. हवेत जंतुनाशकाचा आणि उकळत्या पाण्याचा वास.

डॉक्टरीणबाई उंच, करड्या केसांच्या, तोडून बोलणाऱ्या. “विचारा काय विचारायचं ते,” त्या जिन्यातच म्हणाल्या. “माझं ताईशी वैर नाही. पण त्या बाळाच्या आईला मी काय सांगू? पिशवी आधी चालली नाही आणि मग आपोआप चालू लागली?”

“आपोआप काही होत नसतं,” आत्या म्हणाली.

“मग झालं तर. कोणीतरी केलं.”

ताईने कपाट उघडलं. दोन्ही पिशव्या एकाच ठशाच्या होत्या, पण पहिलीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. आत्याने मास्क दादूच्या तळहातावर दाबून धरला आणि फुगा पिळला. वासराने फुंकर घालावी तशी हवा दादूच्या हाताला लागली. दुसऱ्या पिशवीचंही तेच. मग तिने पहिलीच पुन्हा घेतली, मास्क दादूच्या हातावर अगदी गच्च दाबला आणि जोर केला. हवेला वाट मिळेना. वरच्या झडपेतून फुस्स झालं.

“ही झडप कशाला?” आत्याने विचारलं.

“दाब फार झाला तर बाळाच्या फुप्फुसाला इजा नको म्हणून,” ताई म्हणाली. “जास्तीची हवा तिथून सुटते.”

“छान. आता त्या दिवशी काय केलंत ते सांगू नका. करून दाखवा.”

खोलीच्या कोपऱ्यात सरावाचं टेबल होतं. त्यावर नवजात बाळाएवढी रबरी बाहुली. मागच्या भिंतीवर शिकवणीचं चित्र होतं. चित्रातलं बाळ उताणं, नाक वर करून, जणू फुलाचा वास घेतंय असं.

ताईने बाहुली टेबलावर ठेवली. डोकं कलंडू नये म्हणून टॉवेलची घडी त्याखाली सरकवली. उशीवर मान टाकून, हनुवटी छातीला लावून पेंगणारे एखादे आजोबा असावेत तशी ती बाहुली दिसू लागली. दादूला हसू आलं, पण ताईचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

तिचे हात सुरेख चालत होते. पुसणं, पाठ चोळणं, मास्क धरणं. तोंडाने ती पाठ म्हणत होती, “मान सरळ, किंचित मागे. मास्क नाकातोंडावर. दाब, सोड. छातीकडे लक्ष.” बाहुलीची छाती वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली.

“नेहमी अशीच करता?”

“नेहमी. पहिल्या शिबिरात मीही अडखळले होते. आता सरावाने डोळे मिटूनही जमतं.”

“खऱ्या बाळाला पिशवी लावायची वेळ किती येते?”

“क्वचित. बहुतेक बाळं आपणहून रडतात. आणि लागलीच तर डॉक्टरीणबाई असतात. मी एकटी अशी पहिल्यांदाच.”

“दादू, तू कर बघू.”

“मी? अगं आत्या, माझ्या हातून कपबशी टिकत नाही.”

“म्हणूनच.”

दादूने बाहुली काखोटीला मारली, कोपराच्या खळग्यात कशीबशी बसवली. तिची हनुवटी खाली दबली. तेव्हा त्याला तिच्या मानेमागे काळ्या दोऱ्याचे टाके दिसले, चपलेला घालावेत तसे जाड. त्याने मास्क टेकवला आणि फुगा दाबला. छाती टुणकन वर आली.

“अरे वा!” दादू खूश झाला. “पहिल्याच दमात! आत्या, मला सिस्टर म्हणून ठेवून घेतील.”

दारात उभी असलेली धाकटी सिस्टर खुदकन हसली. “काका, तुम्ही नशीबवान. मी तर दोनदा नापास झाले होते.”

आत्या हसली नाही. तिने दादूच्या हातून बाहुली घेतली, तिची मान एकदा पुढे वाकवली, एकदा मागे, आणि जागेवर ठेवून दिली.

*

मग तिने एकेकाला गाठलं.

मावशी तिथली जुनी आया. धुण्याच्या जागी कपड्यांच्या ढिगात बसली होती आणि कुरकुरत होती.

“त्या दिवशी तुम्ही खोलीत होतात?”

“नाहीतर कुठे जाऊ? दिवा मी वळवला, गरम पाणी मी दिलं. नाव कुणाचं होतंय? बोंब झाली तेव्हा मात्र सगळ्यांआधी मला विचारलं, मावशी, पिशवी कुठे आपटली का? मी कशाला हात लावू पिशवीला!”

“बाळाला हात लावलात?”

“बाळाला नाही. टॉवेल काढला फक्त. ओला चिंब, त्याचा बोळा होऊन डोक्याखाली गेलेला. बाळ गारठलं असतं की. धाकटी पिशवी आणायला पळाली आणि ताई दाराकडे बघत होत्या, तेवढ्यात मी तो ओढला आणि कोरडं फडकं अंथरलं. आणि वर मलाच विचारतात, मावशी, टॉवेल कमी कसे पडतात! असे पडतात!”

धाकटी सिस्टर जिन्याशी भेटली. पिशव्या धुऊन, सुटे भाग जोडून ठेवण्याचं काम तिचं होतं. विचारण्याआधीच तिचे डोळे भरले.

“मी नीट जोडली होती हो. मला माहितीये, सगळ्यांना माझाच संशय येतोय. मी नापास झालेली ना!”

“नापास का झालीस?”

“बाहुलीत हवाच जाईना माझ्या हातून. बाकीच्यांचंही अडायचं, पण त्यांचं सुटायचं. मी घरी बाबांसमोर रडले. म्हटलं, ती बाहुली माझ्या वाईटावर आहे. मग आजारपणाची सुट्टी झाली, परत आले आणि काय आश्चर्य, पहिल्याच दाबाला जमलं. ताई म्हणाल्या, डोकं शांत झालं की जमतंच.”

“बाबा काय करतात?”

“इथेच आहेत की. मिस्त्री.”

मिस्त्रीची खोली जिन्याखाली होती. वायरी ओवायच्या पांढऱ्या कडक नळ्यांची जुडी, खिळ्यांचे डबे, मोडक्या खुर्च्या. तो खाटेची फाटकी गादी काळ्या दोऱ्याने शिवत बसला होता. पासष्टीचा, शांत, बोटांना चिरा पडलेल्या.

“पिशव्यांना मी हात लावत नाही, बाई. डॉक्टरीणबाईंची ताकीद आहे. बाकी या इमारतीत माझा हात लागला नाही अशी वस्तू दाखवा. खाटा, दिवे, घंटी, बाहुली, पाण्याचा पंप. नवीन काही मागायची वेळच येऊ देत नाही मी.”

“मुलगी गुणी आहे तुमची.”

त्याचे हात थांबले. “आई नाही तिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मला घास उतरत नाही. पोरीने पिशवीत काही चूक केली नसेल ना, बाई?”

“नाही,” आत्या म्हणाली. “तिने नाही.”

शेवटी डॉक्टरीणबाई. त्यांच्या टेबलावर अहवाल अर्धा लिहून पडला होता.

“प्रशिक्षण कमी पडलं असं कोणी म्हणू नये,” त्या म्हणाल्या. “सराव दर आठवड्याला आणि परीक्षा मी स्वतः घेते. पूर्वी निम्म्या मुली पहिल्या खेपेला अडायच्या. आता एकही अडत नाही. दुसऱ्या ठिकाणचे लोक विचारतात, तुम्ही करता तरी काय?”

“परीक्षा त्याच बाहुलीवर?”

“दुसरी कुठून आणू?”

*

गाडीत बसल्यावर दादूचं जातं फिरू लागलं.

“आत्या, मला उलगडलं. धाकटीने पिशवी चुकीची जोडली. बाप मिस्त्री. त्याने पोरीला वाचवायला कुलूप उघडून ती नीट केली. कुलूप उघडणं त्याच्या डाव्या हातचा मळ. बिचारी ताई मधल्या मध्ये अडकली!”

“चुकीची जोडलेली पिशवी हाताला कशी लागेल?”

दादूने विचार केला. “हवा भलतीकडेच गेली तर... ढिली लागेल. फुसकी.”

“ताईला कशी लागली?”

“कडक.” त्याचं तोंड उघडंच राहिलं. “मग मिस्त्रीने काहीच केलं नाही?”

“मिस्त्रीने पोरीसाठी काहीतरी दुरुस्त केलं, हे तुझं बरोबर आहे,” आत्या म्हणाली, आणि तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. काम संपलं की ती तसं करायची. पण आज तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. “मोठ्या हॉस्पिटलला घे. तिथल्या शिकवणीच्या खोलीतून एक वस्तू उसनी मागायची आहे.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे सरावाच्या टेबलाभोवती जमले. डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून. ताई भिंतीला टेकून. धाकटी बापाच्या शेजारी. मावशी दारात, आपल्याला कोणी बोलावलंच नाही अशा आविर्भावात.

आत्याने गाठोडं सोडलं. आत एक बाहुली होती. टेबलावरच्या बाहुलीसारखीच, जणू जुळी बहीण.

“हिला मी पाहुणी म्हणते,” आत्या म्हणाली. “आणि ही तुमची घरची. दादू, ती चिठ्ठी बांधलेली पिशवी घे. तीच, जिच्यावर आळ आहे. घरच्या बाहुलीच्या डोक्याखाली काल होती तशी टॉवेलची घडी ठेव आणि दाब.”

दादूने दाबलं. छाती वर आली.

“आता पाहुणीला. तसाच टॉवेल, तशीच पिशवी.”

दादूने दाबलं. छाती जागची हलली नाही. त्याने मास्क घट्ट केला, पुन्हा दाबलं. झडपेतून फुस्स झालं.

“कडक लागतेय,” तो म्हणाला. “पुढे काहीतरी अडल्यासारखी...” आणि वाक्य अर्धवट सोडून त्याने ताईकडे पाहिलं. ताईचा हात तोंडावर गेला होता.

“थांब. मास्क काढ.” आत्याने पुढे होऊन पाहुणीच्या डोक्याखालचा टॉवेल ओढून काढला. हनुवटी छातीवरून सुटली, नाक वर झालं. “आता दाब.”

छाती अलगद वर आली.

“मऊ,” दादू पुटपुटला.

“पिशवी तीच,” आत्या म्हणाली. “बदलला तो टॉवेल. त्या दिवशीही तेच झालं. ओल्या टॉवेलचा बोळा बाळाच्या डोक्याखाली होता. मान पुढे वाकलेली. पिशवी कडक लागत होती, झडपेतून हवा सुटत होती. म्हणजे पिशवी चोख काम करत होती आणि वाट पुढे बंद होती. ताईंनी दुसरी पिशवी मागवली. ती येईपर्यंत मावशींनी टॉवेल काढला, बाळ गारठू नये म्हणून. मान आपोआप सरळ झाली. दुसरी पिशवी लागली आणि हवा आत गेली. सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. टॉवेलकडे कोणी पाहिलं नाही, काढणाऱ्या मावशींनीसुद्धा नाही.”

“म्हणजे पिशवी कोणी बिघडवलीच नाही,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. “आणि कोणी नीटही केली नाही.”

“नाही. ताई खोटं बोलल्या नाहीत. त्यांना जे हाताला लागलं तेच त्यांनी सांगितलं.”

“पण मान सरळ ठेवायची हे हिला माहीत आहे! तोंडपाठ आहे!”

“तोंडपाठ आहे. काल मी ऐकलं. तोंडाने त्या मान सरळ म्हणत होत्या आणि हातांनी टॉवेल डोक्याखाली सारत होत्या. भिंतीवर चित्र होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाहुलीने तक्रार केली नाही.” आत्या वळली. “मिस्त्री, तिच्या मानेमागचे ते टाके तुमचे ना?”

मिस्त्री पुढे आला. “माझेच. दोषच होता तिच्यात. आत घशाच्या जागी मऊ नळी होती. मान वाकली की चिमटायची आणि हवा कोंडायची. पोरी रडायच्या. मी तिच्या जागी वायरीची कडक नळी घातली. तेव्हापासून एकदासुद्धा...”

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर पाहुणीच्या वर आलेल्या नाकावर खिळली.

आत्याने गाठोड्यातली कात्री काढून टेबलावर ठेवली. मिस्त्रीनेच ती घेतली. त्याने काळा दोरा कापला आणि मानेतून पांढरी नळी ओढून काढली. ती काडीसारखी सरळ होती.

“खऱ्या बाळाचा घसा त्या मऊ नळीसारखा असतो,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “मान वाकली की चिमटतो. म्हणून ती नळी मुद्दाम मऊ ठेवलेली. बाहुली श्वास घेईना, म्हणजे ती सांगत होती, माझी मान बघ. तुम्ही तिचं बोलणं बंद केलंत.”

“बाबा,” धाकटी म्हणाली.

“मला वाटलं, मी बरं करतोय,” मिस्त्री म्हणाला. “बाई, मला वाटलं...”

“मला माहीत आहे. सहा फुटी ट्रकवाल्याने बाहुली काखेत मारून पहिल्याच दमात तिला श्वास दिला, तेव्हा मला शंका आली. जे शिकायला हुशार मुलींना रडावं लागत होतं, ते माझ्या दादूला जमायला नको होतं.”

दादूला यावर रागवावं का ते कळेना. तो उगीच टॉवेलची घडी करत राहिला.

आत्या डॉक्टरीणबाईंकडे वळली. “मिस्त्रींनी विचारायला हवं होतं. पण तुम्हाला दिसलं होतं. अडणाऱ्या मुली एकाएकी अडेनाशा झाल्या. तुम्ही खूश झालात. मीही झाले असते. पण त्या दिवसापासून इथे कोणाची परीक्षा झालेली नाही.”

डॉक्टरीणबाईंनी अर्धा लिहिलेला अहवाल दुमडला. मग त्यांनी बाह्या वर केल्या, पाहुणीपुढे उभ्या राहिल्या आणि पिशवी हातात घेतली. पहिल्या दाबाला मान पुढे कलली आणि छाती हलली नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान मागे घेतली. दुसऱ्या दाबालाही नाही. या वेळी मान फारच मागे गेली होती. तिसऱ्याला आली.

“आजपासून नव्या बाळंतिणी मोठ्या हॉस्पिटलला पाठवायच्या,” त्या म्हणाल्या. “आपल्यापैकी प्रत्येकीला हे जमेपर्यंत. माझ्यासकट. ती कडक नळी मी अहवालाला जोडते.”

इतका वेळ ताई भिंतीशीच होती. आता ती आत्यापुढे आली.

“म्हणजे हात चुकले,” ती म्हणाली.

“हो,” आत्या म्हणाली. तिने नजर चुकवली नाही. “त्यांना चुकीचं शिकवलं गेलं होतं. पण चुकले.”

दादूला वाटलं, आता ही कोसळणार. तो खुर्ची घेऊन पुढेही सरला. पण ताईने खोल श्वास घेतला.

“पिशवी चुकली असती तर मी काय करणार होते?” ती म्हणाली. “हात माझे आहेत. त्यांना शिकवता येईल.” मग दादूकडे वळून, “त्या आईला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. अहवाल पोचायच्या आधी मला तिथे सोडाल, भाऊ?”

*

मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या खोलीत दुपारचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. बाळाची आई उशीला टेकून बसली होती, फिकट, केस विस्कटलेले. बाळ तिच्या कुशीत होतं. दादू दाराशीच थांबला.

ताईने काही आडपडदा ठेवला नाही. टॉवेल, मान, बाहुली, सगळं सांगितलं. आपल्या वाटचं पहिल्यांदा सांगितलं आणि मिस्त्रीचं शेवटी.

आई ऐकत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“म्हणजे तुमच्याकडूनच झालं,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटत होतं, मीच कळा नीट दिल्या नाहीत. रोज वाटायचं. सासूबाई तसं बोलल्यासुद्धा.”

“नाही हो. तुमचं काही चुकलं नाही. त्यांना मी सांगेन. समोर उभी राहून सांगेन.”

आईने तोंड खिडकीकडे वळवलं. बराच वेळ ती रडली, आवाज न करता. ताई तशीच उभी राहिली. जा म्हणेपर्यंत जायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

बाळाने कूस बदलली आणि कुरकुर सुरू केली. आईने त्याला हलवून पाहिलं. कुरकुर वाढली. तिने डोळे पुसले आणि हात झटकायचा प्रयत्न केला, पण कुशीत बाळ होतं.

“माझा हात पार बधिर झालाय,” ती म्हणाली. आवाजात अजून राग होता. “असं बघत काय राहिलात? घ्या ना जरा त्याला.”

ताई पुढे झाली. तिने दोन्ही हात आधी आपल्या पदराला पुसले, आणि मग एक बाळाच्या खांद्यांखाली घातला.